वर्षाचे तिकीट

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना कुठे न्यावयाचे, हा प्रश्न आमच्या बीड जिल्ह्यात फार जुना नाही. सुट्टी लागली की मुले आजोळी जात आणि आजोळ नसेल तिथे मावशी-आत्याची घरे असत. करमणुकीची म्हणून जी काही स्थळे होती ती देवाच्या नावाने भरत: कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींचे कपिलधार, मार्गशीर्षात अंबाजोगाईच्या योगेश्वरीचा उत्सव, महाशिवरात्रीला परळी वैजनाथ. देवाला नारळ फोडावा, पोराला पाळण्यात बसवावे, बायकोला बांगड्या भराव्यात आणि अंधार पडायच्या आत गाडी जुंपावी, एवढ्यात वर्षाची हौस फिटत असे.

अलीकडे मात्र शाळेत भेटणारे पालक मला निराळेच काही विचारतात. "गुरुजी, त्या खोपोलीकडच्या बागेचा म्हणे वर्षाचा पास निघतो. एकदाच पैसे भरायचे अन् वर्षभर कितीदाही जायचं. पण भाव दर साली चढतोय. घेण्यात काही अर्थ आहे का?" प्रश्न व्यवहाराचा आहे, त्याचे उत्तर बेरीज-वजाबाकीने देता येईल आणि पुढे ते मी देणारही आहे. परंतु मला इतिहासाची खोड असल्यामुळे आधी दुसरेच कुतूहल वाटले. वर्षभराची मौज एकरकमी विकत देण्याची ही कल्पना मुळात निघाली कुठून?

शोध घेता घेता आपण अठराव्या शतकातील लंडनमध्ये जाऊन पोचतो. टेम्स नदीच्या दक्षिण तीरावर व्हॉक्सहॉल नावाची एक बाग होती. जोनाथन टायर्स नावाच्या हुशार गृहस्थाने १७२९ साली ती भाडेपट्ट्याने घेतली आणि १७३२ साली नव्या थाटात उघडली. झाडांच्या रांगा, रात्री लागणारे शेकडो दिवे, वाद्यवृंद, चित्रे, खाण्यापिण्याची दालने असा सगळा सरंजाम. दाराशी एक शिलिंग टाकला की कोणालाही आत प्रवेश. ह्याच टायर्सने नेहमी येणाऱ्या लोकांसाठी हंगामभराची तिकिटे काढली आणि ती चक्क चांदीची पाडली. त्यांवर तिकीटवाल्याचे नाव नि क्रमांक कोरलेला असे. विल्यम होगार्थ ह्या विख्यात चित्रकाराने बागेच्या सजावटीत टायर्सला साह्य केले होते. त्याबद्दल टायर्सने त्याला एक सोन्याचे तिकीट दिले. ते दाखविले की होगार्थला सोबतच्या मंडळींसह आजन्म प्रवेश! ते तिकीट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बाग मात्र १८५९ साली कायमची बंद पडली. वार्षिक पासाचा विचार करणाऱ्याने एवढे एक मनात ठेवावे, की तिकीट सोन्याचे असले तरी बागेला अमरपट्टा नसतो.

व्हॉक्सहॉलचा दुसरा धडा भावाचा आहे. एक शिलिंगाचा दर जवळजवळ साठ वर्षे टिकला आणि १७९२ साली तो दुप्पट झाला. दर ठेवला तर गर्दी वाढते, आणि वाढविला तर येणारा माणूस बदलतो. ह्या दोहोंमधली ओढाताण तेव्हापासून आजतागायत चालूच आहे.

डेन्मार्कच्या राजधानीत १८४३ साली टिवोली बाग उघडली, ती मात्र आजही चालू आहे. लोक मौजेत रमले म्हणजे राजकारण करीत नाहीत, असे सांगून गेऑर्ग कार्स्टेन्सेनने राजाकडून परवानगी मिळविली अशी आख्यायिका आहे. खरे-खोटे राजाला ठाऊक. पण करमणुकीच्या धंद्याचे इतके मोकळे समर्थन क्वचितच कोणी केले असेल.

आजच्या बागांचा खरा मूळपुरुष म्हणजे अमेरिकेतील डिस्नेलँड. वॉल्ट डिस्नेने ते १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात उघडले. आरंभी आत जाण्यास एक डॉलर पडे, आणि आतल्या प्रत्येक पाळण्याचे, गाडीचे तिकीट निराळे असे. म्हणजे आपल्या जत्रेचाच न्याय. फक्त जत्रेच्या वेशीवर डॉलर मागत नाहीत. पुढे तिकिटांची पुस्तके निघाली. त्यांत 'ए' पासून 'ई' पर्यंत प्रती असत. 'ए' म्हणजे साधी मौज आणि 'ई' म्हणजे जीव मुठीत धरावयाची. १९८२ साली ही सारी चिठ्ठ्याचपाटी बंद झाली आणि एकच रक्कम भरून दिवसभर काहीही करा, असा नियम आला. त्या वर्षी ती रक्कम बारा डॉलर होती. २०२४ साली गर्दीच्या दिवसांचे तिकीट दोनशे डॉलरांच्या पलीकडे गेले. वार्षिक पासाची कथाही तशीच. २०२१ साली जुनी पद्धत मोडून नवे पास निघाले तेव्हा सर्वांत वरच्या दर्जाचा पास १,३९९ डॉलरांना होता. २०२४ साली तोच १,७४९ झाला. शिवाय आधी दिवस राखून ठेवावा लागतो, आणि स्वस्त पासाला सुट्टीचे नेमके चांगले दिवस वर्ज्य असतात. 'कितीदाही या' ह्या शब्दांना अशी बारीक अक्षरांची शेपटी असते, ती वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आपल्याकडे तिकीट लावून करमणूक करण्याची मोठी परंपरा सर्कशीची. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली आपली सर्कस उभी केली तेव्हापासून महाराष्ट्राने खुर्ची, बाक आणि जमीन अशा तीन पायऱ्यांवरून वाघ-सिंह पाहिले. पायरी वेगळी असली तरी तंबू एकच आणि वाघही एकच. कायमच्या बागा पुष्कळ उशिरा आल्या. दिल्लीचे 'अप्पूघर' १९८४ साली उघडले आणि २००८ साली बंद झाले. मुंबईच्या गोराईला १९८९ साली 'एस्सेलवर्ल्ड' निघाले. मराठी मध्यमवर्गाच्या एका संबंध पिढीने मार्व्याहून बोटीने खाडी ओलांडून तिथे चकरा मारल्या, आणि २०२२ साली त्याचीही दारे लागली. खोपोलीजवळची 'इमॅजिका' २०१३ सालची. अशा बागांच्या तिकिटावर जुलै २०१७ मध्ये अठ्ठावीस टक्के वस्तू-सेवा कर बसला. जानेवारी २०१८ मध्ये तो अठरावर आणला गेला. वीज, यंत्रांची देखभाल, माणसांचे पगार, कर्जाचे व्याज हा खर्च गर्दी असो वा नसो चालूच राहतो. म्हणून मालकाला वर्षाच्या पासाचे अगत्य. पैसा आधी हातात येतो, ओस पडणारा मंगळवार थोडा भरतो, आणि फुकट आत आलेला माणूस आत शिरल्यावर भूक लागून खिसा मोकळा करतोच.

दाराशी पैसे घेऊन माणसांचे दर्जे लावण्याची रीत मात्र आपल्याला नवी नाही. अकबराने १५६३ साली यात्राकर उठविला होता. पुढे ओरिसा इंग्रजांकडे गेल्यावर कंपनी सरकारने जगन्नाथपुरीला कर बसविला. यात्रेकरूंचे वर्ग पाडले: लाल, निमलाल, भुरंग वगैरे. जो जास्त भरील त्याला दर्शनाची मुभा जास्त दिवस. कंगाल म्हणून नोंदलेल्यांना कर माफ, पण त्यांच्या सवलतीही त्याच मानाने तोकड्या. १८४० साली हा कर रद्द झाला. आजच्या पासांची रंगीबेरंगी नावे वाचताना मला हे लाल-निमलाल आठवतात.

आता थोडे घरी येऊ. एकरकमी देऊन वर्षभराची सेवा घेण्याची कल्पना आमच्या खेड्याला टायर्सने शिकविली नाही. ती बलुत्यात होतीच. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, त्यात ह्या व्यवस्थेचे बारकावे जागोजाग सापडतात. सुगीत खळ्यावर धान्याचे माप टाकायचे, आणि मग वर्षभर न्हाव्याने डोकी करावयाची, सुताराने औत भरावयाचे, लोहाराने फाळ शेवटावयाचा. किती वेळा, हे कोणी मोजीत नसे. हा गावाचा वार्षिक पासच म्हणा ना!

बलुत्यातला अन्याय मी विसरत नाही. जन्माने नेमलेले काम, खालच्या मानलेल्यांना मिळणारे उरलेसुरले, आणि मागावयास गेले तर ऐकावी लागणारी बोलणी ह्यांनी ती व्यवस्था किडली होती, आणि ती मोडली हे बरेच झाले. पण तिच्यात एक गोष्ट अशी होती की जी छापील पासात नाही. पाऊस पडला नाही तर खळ्यावरचे माप लहान होई. दुष्काळ धन्याला लागला की बलुतेदारालाही लागे. वर्षाचा धोका दोघांत वाटला जाई. आजच्या पासात वर्षाचा सगळा धोका घेणाऱ्याच्या माथी. मूल आजारी पडले, परीक्षा आली, पीक गेले, तर दाराच्या आतल्या माणसाचे काही अडत नाही. त्याचे पैसे केव्हाच गल्ल्यात पडलेले असतात.

आमच्या जिल्ह्याला वर्ष विकण्याचा आणखी एक प्रकार फार जवळून ठाऊक आहे. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, शिरूर, पाटोदा, आष्टी ह्या तालुक्यांतली हजारो माणसे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यावयाची आणि हंगामभर ती अंगमेहनतीने फेडावयाची. पासवाला पैसे आधी देऊन मौजेचे वर्ष विकत घेतो, आणि कोयतेवाला पैसे आधी घेऊन कष्टाचे सहा महिने विकून टाकतो. दिवाळीनंतर वर्गात हजेरी घेताना काही नावांपुढे 'हजर' ऐकू येत नाही. कोणी हंगामी वसतिगृहात राहते, कोणी आजीपाशी, कोणी आईबापांबरोबर फडावर गेलेले असते. त्या घरातल्या मुलाला वर्षाचा पास फुकट दिला तरी तो वापरणार कधी? पास परवडण्यासाठी आधी वर्ष आपल्या हातात असावे लागते.

तरीही पासाला मी सरसकट नावे ठेवणार नाही, कारण आमच्याकडेही एक पास असा आहे की ज्याच्याइतका लाभाचा सौदा मी दुसरा पाहिला नाही. तो म्हणजे विद्यार्थ्यांचा एस.टी.चा पास. जानेवारी २०२५ मध्ये एस.टी.चे भाडे सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढले, तरी विद्यार्थ्याला तिसरा हिस्साच भरावा लागतो. आणि अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत खेड्यातल्या मुली शाळेला मोफत येतात. हा पास पुरेपूर वसूल होतो, कारण तो रोज वापरावा लागतो. त्याच्या जोरावर तांड्यावरच्या आणि वस्तीवरच्या मुली दहावीपर्यंत पोचलेल्या मी पाहिल्या आहेत.

ह्यातूनच आपला हिशेब सुटतो. समजा, एका दिवसाचे तिकीट हजार रुपये आणि वर्षाचा पास तीन हजार. तीन खेपांत बरोबरी, चौथ्या खेपेपासून नफा. पनवेलच्या किंवा पुण्याच्या माणसाला चौथी खेप कठीण नाही. रविवारी उठून तो जाऊ शकतो. बीडहून खोपोली तीनशे किलोमीटरांच्या वर. पास फक्त दार फुकट करतो, रस्ता फुकट करीत नाही. चार माणसांचे येणे-जाणे, एक मुक्काम आणि वाटेतले खाणे धरले की प्रत्येक 'फुकट' खेप पहिल्या तिकिटाहून महाग पडते. महामार्गाच्या टोलसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये तीन हजारांत दोनशे फेऱ्यांचा वार्षिक पास निघाला. पण तो राष्ट्रीय महामार्गापुरता, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याचा असल्याने नेमका तिथे चालत नाही. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीडला आगगाडी आली, ती अहिल्यानगरापर्यंत नेते. तिने वाट सोपी केली आहे, जवळ केलेली नाही.

तेव्हा विचारणाऱ्या पालकांना माझे उत्तर असे. बाग तासा-दीड तासावर असेल, वर्षात चारदा जाण्याइतके रविवार तुमचे स्वतःचे असतील आणि वर्ज्य दिवसांची यादी वाचून झाली असेल, तर चढलेल्या भावातही पास घ्यावा. त्याहून दूर असाल तर एक दिवसाचे तिकीट काढावे, गर्दी नसलेला वार निवडावा, मनसोक्त खेळावे आणि परत यावे. एकदाच पाहिलेली गोष्ट मुलाच्या मनात पुष्कळ वर्षे टिकते. दहादा पाहिलेली लवकर शिळी होते.

उरलेल्या पैशांत मुलांना परळीच्या किंवा योगेश्वरीच्या जत्रेत न्यावे. तिथे आत जाण्यास तिकीट नाही, आणि म्हणून एक सोय आहे जी कोणत्याही बागेत सापडत नाही. ज्याच्याजवळ पैसे नाहीत तोसुद्धा पाळण्याखाली उभा राहून वर बघू शकतो. बसणारे ओरडतात तेव्हा तोही ओरडतो. आपल्या मुलाच्या मुठीत दोन तिकिटे द्यावीत आणि शेजारी उभ्या असलेल्या एखाद्या पोराला हाक मारण्यास त्याला शिकवावे. ते पोर कदाचित आठ दिवसांनी फडावर जाणार असेल.