महारोग्यांचे दप्तर : काय उघडावे, काय राखावे

जुन्या सरकारी कागदांचे वाचन हे केवळ इतिहासकारांचे काम होय, असा समज आपल्या मंडळ्यांतही आढळतो. त्या कागदांत रुग्णांच्या नोंदी असल्या म्हणजे तर ते बंद राहिलेलेच बरे, असे पुष्कळांस वाटते. कुष्ठरोगविषयक दप्तराच्या आधारे हा समज तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण महारोग्यांच्या अनेक आश्रमांचा कारभार मिशनांकडेच होता. वेल्स्ली बेली यांनी 1874 साली स्थापिलेली संस्था त्यांत प्रमुख होती.

1873 साली हानसेन यांनी या रोगाचा जंतू शोधला. 1889 मध्ये मोलोकाई बेटावर फादर डेमियन याच रोगाने निवर्तले आणि त्यांच्या स्मरणार्थ इंग्लंडात निधी उभा राहिला. त्या निधीच्या आयोगाने 1890-91 मध्ये हिंदुस्थानात फिरून चौकशी केली. आयोगाचा निष्कर्ष असा की, रोग आनुवंशिक नाही, आणि संसर्गाने होणारा प्रसार अत्यल्प आहे. सबब रोग्यांस सक्तीने वेगळे ठेवण्याचे कारण नाही. भीक मागणे व खाद्यपदार्थ विकणे यांवर मात्र निर्बंध असावेत, असे त्याने सुचविले. लंडनच्या समितीतील अनेकांस संसर्गाविषयीचे मत पटले नाही.

पुढे 1898 चा कायदा आला. तो लागू केलेल्या प्रदेशात, भीक मागणाऱ्या वा उपजीविकेचे साधन नसलेल्या रोग्यास पोलिसांनी वॉरंटावाचून धरावे आणि त्याची रवानगी आश्रमात व्हावी, अशी तरतूद झाली. घरी दोन घास मिळणाऱ्या रोग्यास डांबण्याची तरतूद त्यात नव्हती. म्हणजे रोग एकच असताना बंदिवास दरिद्री मनुष्याच्या वाट्याला आला. आयोगाचा अहवाल व कायद्याचा मसुदा शेजारी ठेवून वाचल्यावाचून ही गोष्ट ध्यानी येत नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातील रोगविषयक अनेक अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आता संगणकाद्वारे सर्वांस विनामूल्य खुले केले आहेत. आपल्या देशातही 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने केंद्र सरकारच्या कागदांच्या जतनाची जबाबदारी निश्चित केली. आणि 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने 20 वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती, काही अपवाद वगळून, मागता येते.

परंतु अहवाल निराळा आणि रुग्णाचे नाव निराळे. 1982 पासून बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होऊ लागला. तरी 1898 चा कायदा रद्द होण्यास 2016 साल उजाडले. ख्रिस्ती विवाहांस लागू असलेल्या 1869 च्या घटस्फोट कायद्यातून कुष्ठरोग हे कारण 2019 मध्ये वगळले गेले. औषधाने रोग जातो, पण शिक्का मागे राहतो. बेथानीच्या शिमोनाच्या घरी प्रभू जेवावयास बसला, तरी शुभवर्तमानात तो आजवर कुष्ठरोगी म्हणूनच ओळखला जातो. उलट, बरे झालेल्या दहा जणांची नावे लूक देत नाही. आणि त्यामुळे त्या वृत्तांताचे काहीही उणे होत नाही.

म्हणून आम्ही असे म्हणतो : राज्यकर्त्यांनी व संस्थांनी काय केले हे उघडे असावे, कोणाच्या देहास काय झाले हे राखावे. ब्रिटनमध्ये रुग्णांच्या व्यक्तिगत नोंदी सामान्यतः 100 वर्षे बंद ठेवतात, हा दंडक अनुकरणीय आहे. मात्र आपल्या आजोबा-पणजीचा शोध घेत येणाऱ्या वंशजास दार बंद नसावे.

धर्मगुरू, पाळक व प्रचारक यांच्या ताब्यातही जुन्या आश्रमांची हजेरीपुस्तके, जमाखर्च, बाप्तिस्म्याच्या व दफनाच्या वह्या असू शकतील. त्या वाळवीच्या स्वाधीन करू नयेत, आणि लाजेपोटी जाळूही नयेत. त्यांची यादी करावी, कोरड्या जागी ठेवाव्यात, संस्थेचा कारभार दाखविणारे कागद अभ्यासकांस द्यावेत आणि नावे जपावीत. त्या कागदांत आपल्या वडीलधाऱ्यांची सेवा जशी नोंदली आहे, तशी त्यांची कठोरताही नोंदली असेल. दोन्ही वाचण्याचे धैर्य मंडळीने दाखविले पाहिजे.