कानेरगावचा नाका आणि परदेशातली जुनी गाडी

मंडळी, पोस्ट लांब आहे. निवांत असाल तेव्हाच वाचा.

दुबई, मस्कत, सौदीकडं कामाला गेलेली आपल्या भागातली पोरं सुट्टीवर आली की एक विषय हमखास निघतो. तिकडं दोन-चार वर्षं वापरलेली मोठी गाडी इथल्या नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळते म्हणे. मग ती जहाजात टाकून मुंबईला उतरवायची अन् सरळ रिठदला आणायची, काय जातं?

लय काही जातं. पहिली गोष्ट म्हणजे दुबईची गाडी येतच नाही. तिथं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात, म्हणून स्टिअरिंग डावीकडं असतं. आपल्या आयात धोरणात वापरलेल्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडंच पाहिजे. म्हणजे सौदी, अमेरिका, जर्मनी हे सगळे देश गेले. उरले इंग्लंड, जपान, सिंगापूर असे थोडे. पुढची अट, गाडी बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली नको. आयात झाल्यापासून पुढं निदान पाच वर्षं ती रस्त्यावर चालण्यालायक आहे असा दाखला पाहिजे. उतरवायची फक्त मुंबईच्या बंदरात, चेन्नई-कोलकाता चालत नाही. आणि उतरल्यावर तपासणीला पाठवायची, ज्यासाठी पुण्याची एआरएआय किंवा नगरची संरक्षण खात्याची व्हीआरडीई अशा संस्था ठरवून दिलेल्या आहेत.

आता पैशाचं बघू. समजा मुंबईत पोचेपर्यंत गाडीची किंमत 10 लाख झाली. जुन्या गाडीवर मूळ सीमाशुल्क बरीच वर्षं 125 टक्के होतं, त्यावर सरचार्ज. 2025 च्या बजेटात याची नावं बदलली, तुकडे वेगळे केले, पण एकूण बोजा तिथंच राहिला, 137.5 टक्के. म्हणजे 10 लाखांची गाडी झाली 23 लाख 75 हजारांची. त्यावर मोठ्या गाडीचा 40 टक्के जीएसटी, झाले 33 लाख 25 हजार. इथपर्यंत दिल्लीचं सरकार झालं. आता मुंबईचं सरकार. आयात गाडीला महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर 20 टक्के आहे, आणि तो मूळ 10 लाखांवर नाही, सीमाशुल्क धरून जी किंमत होते तिच्यावर. गाडीला नंबर प्लेट लागेपर्यंत हिशोब अडतीस-चाळीस लाखांच्या घरात जातो. कर भरला, त्या करावर पुन्हा कर भरला.

बरं, सरकार लुटतंय असं म्हणून पुढं जाता येतं. पण हे असं का झालं, याचा इतिहास भारी आहे आणि त्यातला एक तुकडा तर आपल्या शेजारचाच आहे.

वाशिमहून हिंगोलीला जाताना कानेरगाव लागतं. पूर्ण नाव कानेरगाव नाका. ही वऱ्हाड आणि मराठवाड्याची सीव. आज ती वाशिम आणि हिंगोली या दोन जिल्ह्यांची सीमा आहे, इतकंच. पण 1948 पर्यंत तिकडं निजामाचं राज्य आणि इकडं इंग्रजांचा कारभार होता. आपल्या रिसोड तालुक्याच्या लगतचा सेनगावचा भागही निजामाकडंच. निजामाच्या राज्याचं स्वतःचं जकात खातं होतं, त्याला करोडगिरी म्हणायचे. स्वतःचं नाणं होतं, हाली सिक्का. हद्दीतून मालाची ये-जा झाली की किमतीवर करोडगिरी भरायची, आणि इंग्रजांशी 1802 मध्ये झालेल्या तहानं तिचा दर 5 टक्के ठरवून दिलेला होता.

गंमत अशी की कागदावर वऱ्हाडही निजामाचंच होतं. 1853 मध्ये त्यानं ते इंग्रजांच्या ताब्यात दिलं, 1902 मध्ये कायमच्या भाडेपट्ट्यानं दिलं, तरी मालकी त्याचीच. 1936 च्या करारानंतर त्याच्या वारसाला प्रिन्स ऑफ बेरार अशी पदवीही मिळाली. म्हणजे मालक एकच आणि मधे नाका. सोयरीक नाक्याच्या पलीकडं, बाजार पलीकडं, अन् बैलगाडीत काय भरलंय ते सांगायचं नाकेदाराला. आपल्या आज्या-पणज्यांना परदेशातून माल आणणं म्हणजे काय हे कोणी समजवायची गरज नव्हती. त्यांचा परदेश दिवसभराच्या बैलगाडीच्या वाटेवर होता.

त्या काळात मोटार आपल्याकडं नवलाचीच. 1898 च्या सुमारास मुंबईत पहिल्या मोटारी आल्या आणि त्यातली एक जमशेटजी टाटांची होती असं सांगतात. त्या सगळ्या परदेशी, कारण देशात बनतच नव्हत्या. पुढं 1928 मध्ये जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला सुटे भाग आणून गाड्या जोडायला सुरुवात केली. गाड्या वाढल्या आणि रस्ते मात्र बैलगाडीचेच. मग प्रश्न आला, रस्त्याचा खर्च कोणी द्यायचा?

त्यावर उत्तर शोधायला 1927 मध्ये जी समिती नेमली तिचे अध्यक्ष आपले मुकुंदराव जयकर होते. तेच जयकर, जे पुढं पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीचं म्हणणं थोडक्यात असं होतं की मोठे रस्ते बांधणं-राखणं एकट्या प्रांतांच्या आवाक्यातलं राहिलेलं नाही, तेव्हा जो मोटार चालवतो त्याच्याकडून पेट्रोलवर थोडे जास्त घ्या आणि ते पैसे रस्त्यांसाठीच वेगळे ठेवा. त्याप्रमाणे 1929 मध्ये गॅलनमागं दोन आणे जादा लावले आणि केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. घेतलेला पैसा रस्त्यावरच घालायचा, हा विचार त्या वेळी सरकारनं लेखी मान्य केला. ही ओळ लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

प्रांतांचे वाहन कर वेगळेच चालले. मुंबई इलाख्याचा 1935 चा कायदा, आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडाचा 1947 चा. 1956 मध्ये वऱ्हाड आणि मराठवाडा दोन्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि 1958 मध्ये सगळ्यांना मिळून एक मुंबई मोटार वाहन कर कायदा झाला. आज आरटीओत आपण जो कर भरतो तो त्याच कायद्याखाली. कानेरगावच्या दोन्ही बाजूंना मोटारीला एकच कायदा लागू झाला तो असा.

परदेशी गाडीचं दार मात्र त्याच काळात बंद होत गेलं. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन जपायचं होतं आणि देशी कारखाने उभे करायचे होते. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर कुर्ल्यात, बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स बंगालात. 1953 मध्ये टॅरिफ कमिशननं ठरवलं की ज्यांचा इथं गाडी बनवायचा खरा कार्यक्रम आहे त्यांनाच राहू द्यायचं. नुसती जोडणी करणारे फोर्ड अन् जनरल मोटर्स निघून गेले. मग पुढची तीसेक वर्षं ॲम्बेसेडर आणि फियाट, ती पण नंबर लावून.

तरी सिनेमावाल्यांकडं, मोठ्या कारखानदारांकडं इम्पाला-मर्सिडीज कुठून यायच्या? त्यातला एक कायदेशीर रस्ता होता. परदेशी वकिलातींचे लोक आपल्या गाड्या आणायचे, मुदत संपली की त्या 1956 मध्ये निघालेल्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडं जायच्या आणि तिथून टेंडरनं विकल्या जायच्या. दुसरा रस्ता, परदेशात राहून कायमचा परत येणाऱ्या माणसानं परवाना काढून स्वतःची गाडी सोबत आणायची. गोव्यात तिसरीच तऱ्हा. 1961 पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य, आयात मोकळी, म्हणून तिथं टॅक्सी म्हणून मर्सिडीज फिरायच्या. आपल्याकडं आमदाराला जी गाडी दिसत नव्हती तिच्यात तिथं भाडं देऊन बसता यायचं!

जुन्या गाडीचं दार पुन्हा उघडलं ते जागतिक व्यापार संघटनेच्या दट्ट्यानं. 1 एप्रिल 2001 पासून उरलेल्या 715 वस्तूंवरचे आयात निर्बंध उठवावे लागले आणि त्यात वापरलेल्या गाड्याही होत्या. जपान-इंग्लंडच्या भंगाराचा पूर येईल म्हणून इथले कारखाने घाबरले. मग सरकारनं दार उघडलं आणि लगेच उंबरठा वाढवला. तीन वर्षांची अट, उजवं स्टिअरिंग, एकच बंदर आणि शंभरच्या वर टक्के शुल्क. बंदी नाही असं जगाला सांगता येतं, आणि गाडी तर येत नाही. माझ्या मते हे धोरण त्या वेळी बरोबर होतं. आफ्रिकेतल्या काही देशांनी दार सताड उघडं ठेवलं, आणि श्रीमंत देशांनी टाकलेल्या जुनाट गाड्यांचा धूर ते आजही खातायत.

या शुल्काची सगळ्या देशाला ओळख झाली ती सचिनमुळं. 2002 मध्ये ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून फियाटनं त्याला फेरारी दिली, मायकेल शूमाकरच्या हातून, सिल्व्हरस्टोनला. ती इथं आणायची तर सीमाशुल्क सुमारे 1 कोटी 13 लाख. बक्षीस म्हणून जिंकलेल्या गाडीला सूट मिळू शकत होती, पण ही पडली भेट. केंद्रानं माफी दिली, त्यावर 2003 मध्ये गदारोळ झाला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि शेवटी ते पैसे कंपनीनं भरले. मला यात सचिनचा दोष कधी वाटला नाही. पण साध्या माणसाला जो नियम लागतो तो देवाला का नाही, हे विचारणारे लोक निघाले, हे चांगलंच झालं.

आता ती जयकरांची ओळ. आपण वाहन कराला रोड टॅक्स म्हणतो. रस्ता वापरतो म्हणून देतो, अशी समजूत. कोर्टानंही तेच म्हटलं होतं. अजमेर तेव्हा वेगळं राज्य होतं, तिथल्या बस मधे राजस्थानच्या हद्दीतून जायच्या आणि राजस्थान त्यांच्यावर कर मागायचा. बसमालक म्हणाले, देशभर मुक्त व्यापाराचा हक्क घटनेत आहे, मग हा कर कसा? 1962 मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की हा कर रस्त्यांच्या सोयीचा मोबदला आहे, म्हणून चालेल. पुढची पन्नासेक वर्षं राज्यांना निदान दाखवावं तरी लागायचं की घेतलेल्या पैशाच्या बदल्यात काही सोय देतोय. मग 11 नोव्हेंबर 2016 ला नऊ न्यायाधीशांच्या पीठानं हा मोबदल्याचा सिद्धांतच मोडीत काढला. राज्याला कर लावायचा अधिकार आहे, बाहेरच्या मालाशी भेदभाव नको, बस. बदल्यात काय दिलं हे विचारता येत नाही. पुढच्याच वर्षी केरळातून आलेल्या खटल्यांत कोर्टानं असंही म्हटलं की परदेशातून आलेल्या वस्तूवर सीमाशुल्क भरलेलं असलं तरी राज्य आपला प्रवेश कर लावू शकतं. महाराष्ट्रातही 1987 पासून गाड्यांवर असा प्रवेश कर होता, तो जीएसटी आल्यावर 2017 मध्ये संपला.

रिठदवरून वाशिमला जाताना खड्ड्यात गाडी आदळली की आपण म्हणतो, रोड टॅक्स कशाला भरला? कायद्याचं उत्तर आता असं आहे की तो रस्त्यासाठी भरलाच नव्हता.

परदेशी गाडी आपल्यापैकी क्वचितच कोणी आणेल. पण सोयाबीनचे पैसे आले की दिल्ली, हैदराबादहून जुनी गाडी आणणारे गावोगाव आहेत. दिल्लीत 10 वर्षांवरचं डिझेल अन् 15 वर्षांवरचं पेट्रोल बंद करायचा आदेश 2015 मध्ये हरित लवादानं दिला, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं तो उचलून धरला, तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडं वाहायला लागल्या. त्या आणताना नाका लागत नाही. नाका आता आरटीओच्या खिडकीत आहे. मूळ राज्याची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, त्याशिवाय इथं एमएच-37 नंबर मिळत नाही. बाहेरच्या नंबरवर 12 महिन्यांपेक्षा जास्त गाडी इथं ठेवता येत नाही. नवा नंबर घेताना महाराष्ट्राचा कर पुन्हा भरायचा, गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो. मूळ राज्यात भरलेल्या एकरकमी करातला उरलेल्या वर्षांचा भाग तिकडून परत मागायचा असतो, आणि त्याला इथल्या नव्या नोंदणीची प्रत लागते. आधी इथं भरा, मग तिकडं मागा. बहुतेक लोक मागतच नाहीत, कारण गाडी घेताना एजंट हे सांगत नाही.

आणि नुसत्या स्टॅम्पपेपरवर गाडी घेऊन चालवू नका, देऊही नका. 2018 मध्येच सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईला आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, मधे गाडी चार हातांतून गेलेली असली तरी. आपल्याकडं विकून मोकळा झालेला माणूस पाच वर्षांनी कोर्टाचा समन्स घेऊन फिरतो तो यामुळं.

सेनगाव, हिंगोलीकडं ज्यांचे मामा-आजोळ आहे त्यांना एक विनंती. जुन्या पेटीत करोडगिरीची पावती किंवा हाली सिक्क्यातला हिशोबाचा कागद असेल तर फोटो कमेंटमध्ये टाका. उर्दूत असला तरी चालेल, वाचून घेऊ.