न्यायवैद्यक मानसिक परीक्षणातील वंशभेद

आरोपीस आपल्यावरील अभियोग समजतो काय, आपल्या वकिलास तो सुज्ञपणे साहाय्य करू शकतो काय, हे ठरविण्यासाठी न्यायालयाच्या हुकुमाने होणाऱ्या मानसिक परीक्षणात आरोपीच्या वंशानुसार पडणारी तफावत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या परीक्षणाची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने ‘डस्की’ खटल्यात १९६० मध्ये घालून दिली. परंतु कसोटी एक असली, तरी ती लावणाऱ्या तज्ज्ञाची दृष्टी निर्विकार असतेच असे नाही. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत छिन्नमनस्कतेचे निदान श्वेतवर्णीयांपेक्षा अधिक प्रमाणात केले जाते, आणि पोलिसांविषयीचा त्यांचा अनुभवसिद्ध अविश्वासही भ्रम म्हणून दप्तरी नोंदला जाण्याचा धोका असतो. या पूर्वग्रहाची परंपरा जुनी आहे; १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट या वैद्याने गुलामांच्या पलायनालाच मनोविकार ठरविले होते.

शिक्षा ठरविताना होणाऱ्या मानसिक परीक्षणातही हा पूर्वग्रह दिसतो. त्याचे सर्वांत उद्वेगजनक उदाहरण टेक्ससमधील ड्वेन बक याच्या खटल्याचे. १९९७ मध्ये खुद्द बचावपक्षानेच बोलाविलेल्या मानसशास्त्रज्ञाने, आरोपीच्या कृष्णवर्णामुळे तो पुढे हिंसा करण्याचा संभव वाढतो, अशी साक्ष दिली आणि बकला देहान्त शासन झाले. ही साक्ष पुढे आणणारा बचाव घटनेच्या दृष्टीने अपुरा होता, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाकडून मिळण्यास २०१७ साल उजाडावे लागले, व त्याच वर्षी त्याच्या देहान्त शासनाच्या जागी जन्मठेप आली. बौद्धिक न्यूनत्व असलेल्यांस देहान्त शासन देण्यास २००२ च्या ‘ॲटकिन्स’ निर्णयाने मनाई झाल्यावर, काही राज्यांत सरकारपक्षाच्या तज्ज्ञांनी कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक आरोपींचे बुद्ध्यंक वंशाच्या आधारे वाढवून त्यांना त्या शिक्षेस पात्र ठरविण्याचा मार्ग काढला. विज्ञानाचा याहून निंद्य दुरुपयोग क्वचितच आढळेल. कॅलिफोर्निया राज्याने २०२० मध्ये कायदा करून अशा वाढीस बंदी घातली.