मज्जारोपण : इस्पितळातून घराकडे

रक्ताच्या कर्करोगावर दुसऱ्याची अस्थिमज्जा देऊन उपचार करण्याचा इतिहास सुमारे सात दशकांचा आहे. अमेरिकेतील डॉ. ई. डॉनल थॉमस यांनी १९५७ साली अशा सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी एकही शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. त्यानंतरच्या वर्षी पॅरिसमध्ये ज्याँ दोसे यांनी पांढऱ्या पेशींवरील ओळखखुणांचा शोध लावला आणि परकी मज्जा शरीर का स्वीकारत नाही, याचा उलगडा होऊ लागला. सख्ख्या भावंडाशी या खुणा जुळण्याचा संभव चारांत एक असतो. थॉमस यांनी सिॲटल येथे हे कार्य चिकाटीने पुढे नेले व १९९० साली ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली मज्जारोपणास आरंभ झाला.

या उपचारात तीव्र औषधांनी रुग्णाची मज्जा जवळजवळ नष्ट होते. नव्या पेशी रुजेपर्यंतच्या दोनएक आठवड्यांत साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. म्हणूनच रुग्णास निर्जंतुक खोलीत, आप्तांपासून दूर ठेवीत.

१९९० च्या दशकात हे चित्र पालटले. कमरेच्या हाडाऐवजी रक्तातूनच मूळपेशी गोळा होऊ लागल्या. त्या लवकर रुजतात. पांढऱ्या पेशी वाढविणारी, उलटी थांबविणारी व संसर्ग रोखणारी प्रभावी औषधेही हाती आली. मायलोमा व लिम्फोमा यांसारख्या आजारांत रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी परत देतात, त्यामुळे धोका तुलनेने कमी असतो. अशा रुग्णांना अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी इस्पितळाजवळच्या निवासात ठेवून रोज तपासण्याची पद्धत बसविली. मेक्सिकोतील प्वेब्ला येथे डॉ. गिएर्मो रुइझ-आर्ग्वेयेस यांनी पेशी न गोठविता साध्या शीतकपाटात चार अंश सेल्सियसवर काही दिवस ठेवल्या आणि खर्च बराच उतरविला.

परंतु हा इतिहास वाचताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. परिचारिकेचे काम संपले नाही, ते घरच्या माणसाकडे आले. औषधांच्या वेळा, उकळलेले पाणी, ताजे शिजविलेले अन्न, येणाऱ्याजाणाऱ्यांस आवर हे सारे त्यानेच पाहावयाचे. मध्यरात्री ताप अडतीस अंशांवर गेला, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावयाचे. या श्रमांची नोंद कोणत्याही देयकात होत नाही.

इंदूर, बेळगाव किंवा बडोद्याहून मुंबईस उपचारार्थ जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा प्रश्न टळत नाही. पूर्वी एकत्र कुटुंबात कोणीतरी काका-मावशी सोबतीस निघत. आता मुले दूरदेशी, घरी दोन वृद्ध. अशा वेळी खर्चाच्या आकड्याआधी डॉक्टरांना विचारावे, की सोबत किती दिवस व कोणाची लागेल. दिवसरात्र माणूस नसेल, तर इस्पितळातच राहण्यात कमीपणा नाही. सोबतीचा माणूस हा या उपचाराचाच भाग आहे, तो आधी ठरवावा.