गुलाबाचें कुळ आणि माळ्याचा हात

जुबिलीच्या स्मरणिकेंत गुलाबासारख्या फुलाचा इतिहास कशास, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. आमचें उत्तर इतकेंच कीं, ज्या फुलावांचून वेदी सजत नाहीं, वधूवरांचा हार पुरा होत नाहीं, आणि ज्याच्या पाकळ्या आम्ही आपल्या मृतांच्या थडग्यांवर वाहतों, त्या फुलाविषयीं आम्हांस फारच थोडी माहिती असते. शिवाय मानवतच्या काळ्या, कापसाच्या जमिनींत गुलाब लावून हात पोळून घेतलेले लोक पुष्कळ आहेत, व आम्हीही त्यांतलेच. अंगणांतील पहिला एडवर्ड गुलाब आम्हीं रोज घागरभर पाणी घालून, केवळ मायेनें मारला. ती चूक कां झाली हें शोधूं लागलों, तेव्हां या फुलाचा इतिहासही हातीं लागला. तोच येथें थोडक्यांत सांगतों.

प्रथम नांवाचा विचार करूं. फारशी भाषेंत ‘गुल’ म्हणजे फूल, विशेषतः गुलाबाचें फूल, आणि ‘आब’ म्हणजे पाणी. म्हणजे ‘गुलाब’ हें मूळचें त्या सुगंधी पाण्याचें नांव. आपल्याकडे तें फुलालाच चिकटलें, आणि मग पाण्यासाठीं ‘गुलाबपाणी’ असा दोनदां पाणी घातलेला शब्द घडवावा लागला. नांव फारशी, म्हणून फूलही मोंगलांबरोबर आलें असावें, असा पुष्कळांचा समज आहे. पण तो खरा नव्हे. इ. स. १४४३ मध्यें विजयानगरास आलेला इराणी वकील अब्दुर्रझाक लिहून ठेवतो कीं, त्या नगरींत गुलाब जिकडेतिकडे विकावयास असत व लोकांस ते अन्नाइतकेच आवश्यक वाटत. बाबराची दिल्लीवरील स्वारी त्यानंतर ८३ वर्षांनीं झाली. संस्कृत वैद्यकग्रंथ ‘भावप्रकाश’ यांतही ‘शतपत्री’ व ‘तरुणी’ या नांवांनीं गुलाब आला आहे. उत्तरेकडे पांढऱ्या गुलाबास ‘सेवती’ म्हणतात; आपल्या मराठींत मात्र ‘शेवंती’ हें नांव अगदीं निराळ्या फुलाकडे गेलें.

तथापि मोंगलांनीं या फुलास जो मान दिला तो अपूर्व होय. बाबरानें आग्र्याच्या बागांत गुलाबाचे वाफे लाविले, आणि त्याच्या मुलींचीं नांवेंही गुलबदन, गुलचेहरा, गुलरंग अशीं होतीं. जहांगीर बादशहा आपल्या आत्मवृत्तांत सांगतो कीं, नूरजहानची आई गुलाबपाणी काढीत असतां तापलेल्या पाण्यावर तेलकट तवंग जमला. तो तिनें निराळा काढून घेतला व तेंच गुलाबाचें अत्तर झालें. पुढें मराठी दरबारांत व सभासमारंभांत पानसुपारीबरोबर अत्तरगुलाब देण्याची चाल पडली, आणि गुलाबदाणी हें घरोघरचें भांडें झालें. मात्र मराठी मनाचा पहिला ओढा मोगऱ्याकडेच होता असें दिसतें. १५७९ सालीं गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनीं आपल्या ‘क्रिस्तपुराणांत’ (१६१६) मराठीची थोरवी गातांना तिला फुलांमध्यें उपमा दिली ती मोगऱ्याची. गुलाबांच्या देशांत जन्मलेल्या माणसानें येथल्या मातीचें फूल उचलावें, यांत त्यांची रसिकता दिसून येते.

आतां या फुलाच्या कुळाकडे वळूं. युरोपांतील बहुतेक जुने गुलाब वर्षांतून एकदांच फुलत. वारंवार फुलण्याचा गुण होता चिनी गुलाबांत. १७९० नंतरच्या दशकांत हे चिनी गुलाब जहाजांनीं युरोपांत पोंचले. त्यांतील कांहीं कलकत्त्याच्या वाटेनें गेले, म्हणून तिकडे त्यांस ‘बंगाली गुलाब’ असेंही नांव पडलें. हिंदी महासागरांतील बूर्बोन बेटावर, ज्यास आज रेयुनियों म्हणतात, शेतकरी आपल्या कुंपणांस दमास्कसी व चिनी असे दोन्ही गुलाब लावीत. १८१७ च्या सुमारास तेथें त्या दोहोंच्या आपोआप झालेल्या संकरांतून एक नवें रोप उगवलेलें आढळलें. कोणी मुद्दाम केलें नव्हतें. परंतु एका डोळस माळ्याच्या दृष्टीस तें पडलें, त्यानें तें जपलें आणि त्याचें बीं पॅरिसला धाडलें. आपल्याकडे हारांसाठीं, गुलकंदासाठीं व कलमांच्या खुंटासाठीं लावतात तो सुवासिक गुलाबी ‘एडवर्ड’ याच बूर्बोन कुळांतील होय. पुढें १८६७ सालीं फ्रान्समध्यें लियों शहरीं ग्विल्यो यांनीं ‘ला फ्रान्स’ हा गुलाब काढला. तेथून गुलाबांचें नवें युग मोजतात. १९०० मध्यें इराणी पिवळ्या गुलाबाशीं संकर करून बागेंतील गुलाबांत गडद पिवळा रंग आणला गेला, पण त्या रंगाबरोबर पानांवरील काळ्या ठिपक्यांचा रोगही घरांत आला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर फ्रान्समधील मेयाँ यांनीं आपल्या एका नव्या गुलाबाचे डोळे परदेशीं धाडले. १९४५ मध्यें त्यास ‘पीस’, म्हणजे ‘शांति’, असें नांव मिळालें. आपल्या देशांत गव्हाच्या संशोधनासाठीं ख्यातनाम झालेले डॉ. बी. पी. पाल यांनीं अनेक भारतीय गुलाब निर्माण केले व १९६६ मध्यें ‘द रोझ इन इंडिया’ हा ग्रंथ लिहिला.

या सर्व इतिहासांत एक गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. संकराच्या गुलाबाचें बीं पेरल्यास तोच गुलाब उगवत नाहीं. तो टिकतो तो केवळ काडीनें किंवा डोळ्यानें. म्हणून अशा जातीचें प्रत्येक झाड म्हणजे तिच्या पहिल्या झाडाचाच एक तुकडा होय, एका हातानें दुसऱ्या हातांत दिलेला. ही देवघेव ज्या दिवशीं थांबेल त्या दिवशीं ती जात नाहींशी होईल. राजांचीं नांवें इतिहासांत राहिलीं, पण गुलाब राहिला तो नांव न राहिलेल्या माळ्यांमुळें.

आतां आमच्या जमिनीची गोष्ट. काळी माती पाणी धरून ठेवते व पावसाळ्यांत मुळें कुजविते. गुलाबास ओल हवी, पण साचलेलें पाणी सोसत नाहीं. आमचा एडवर्ड मेला तो याच कारणानें. म्हणून दोन फूट खोल खड्डा घेऊन त्याच्या तळाशीं विटांचे तुकडे व मुरूम घालावा, काळ्या मातींत वाळू व कुजलेलें शेणखत मिसळावें, आणि वाफा जमिनीपेक्षां वीतभर उंच ठेवावा. आपली माती चुनखडीची असल्यानें कोंवळीं पानें पिवळीं पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची उणीव होय. अशा वेळीं एक लिटर पाण्यांत ५ ग्रॅम हिराकस विरघळवून थंड वेळीं फवारावें. परभणीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे. तेव्हां माती तपासून घेणें आपणांस कठीण नाहीं.

कलम करतांना रानटी खुंटाच्या सालीस छेद देऊन त्यांत चांगल्या जातीचा डोळा बसवितात; हें काम डिसेंबर ते फेब्रुवारी या काळांत उत्तम साधतें. पूर्वीं डोळा केळीच्या सोपटानें बांधीत, आतां प्लॅस्टिकच्या पट्टीनें बांधतात. कलमाच्या जोडाखालून फूट आली तर ती मुळापासून काढावी, नाहीं तर खुंट वाढतो आणि पाहुणा उपाशी मरतो. छाटणी पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरांत करावी. छाटल्यानंतर सुमारें ४५ ते ५० दिवसांनीं बहर येतो. ज्यांस नाताळांत वेदीसाठीं फुलें हवीं, त्यांनीं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत कांहीं झाडें छाटावीं. फांदी शेंड्याकडून काळी पडून वाळूं लागल्यास हिरव्या भागापर्यंत कापून जखमेस बोर्डो मलम लावावें. हें औषध मूळचें द्राक्षमळ्यांतलें. फ्रान्सच्या बोर्डो प्रांतांत वाटसरूंनीं द्राक्षें चोरूं नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींस मोरचूद व चुना फांसत. त्याच वेली रोगापासून वांचल्या हें प्रोफेसर मियार्दे यांनीं पाहिलें व १८८५ सालीं तें औषध म्हणून जगापुढें मांडलें. मलमासाठीं १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम चुना निरनिराळे भिजवून मातीच्या भांड्यांत एकत्र करावे. सर्व मिळून पाणी एक लिटर पुरे.

शेवटीं मनांत सलणारी एक गोष्ट सांगतों. आज पुण्याजवळ तळेगांव दाभाडे येथें प्लॅस्टिकच्या हरितगृहांत लांब दांड्याचे डौलदार गुलाब पिकतात व परदेशींही जातात. त्या उद्योगानें अनेकांस भाकरी मिळते, त्यास आमचा विरोध नाहीं. परंतु फुलदाणींत टिकण्यासाठीं निवडलेल्या त्या फुलांस बहुधा वास नसतो. २०१५ मध्यें फ्रान्समधील संशोधकांनीं दाखविलें कीं, सुगंधाच्या निर्मितींत भाग घेणारें एक विकर वासहीन गुलाबांत फारच मंद झालेलें असतें. त्याच वेळीं आमच्या अंगणांतला सुवासिक एडवर्ड अंगण फरसबंद झालें म्हणून उपटला जात आहे. त्याच्यासाठीं कोणी पेढी काढणार नाहीं. त्यास हवी ती फक्त शेजाऱ्याची एक काडी.

लॅटिन भाषेंत गुलाबांच्या बागेस ‘रोझारिउम’ म्हणत. त्यावरूनच आमच्या रोझरीस नांव मिळालें. ऑक्टोबर हा रोझरीचा महिना, आणि आमच्या प्रांतीं छाटणीचाही तोच. या वर्षीं छाटलेल्या काड्या कचऱ्यांत न टाकतां शिसपेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब अशा निवडून ओल्या मातींत खोंचाव्या, आणि त्यांतील एक तरी रोप दुसऱ्याच्या दारीं लावून द्यावें, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे. आमचा दुसरा एडवर्ड असाच एका म्हातारबाबांनीं दिलेल्या काडीपासून वाढला. ते आज नाहींत. पण त्यांचा गुलाब दर हिंवाळ्यांत फुलतो, आणि त्याच्या काड्या आम्ही मागेल त्यास देतों.