बिनतारीचे थर आणि त्यांतील संवाद

१८७० सालच्या मार्च महिन्यात मुंबई आणि कलकत्ता ही शहरे लोहमार्गाने जोडली गेली, ती जबलपूर येथे. मुंबईकडून आलेला मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा, अलाहाबादेकडून आलेला ईस्ट इंडियन कंपनीचा. दोन्ही कंपन्यांचे कारभार निराळे, हिशेब निराळे. परंतु रुळांमधील अंतर दोन्हीकडे साडेपाच फूट. सीमेवरचा करार पक्का असला म्हणजे ज्याने त्याने आपापले काम पाहावे, हे तत्त्व पुढे शंभर वर्षांनी संदेशवहनाच्या शास्त्रानेही स्वीकारले. त्या तत्त्वाची मर्यादा कोठे आहे, हे मात्र बिनतारीने दाखवून दिले.

संदेशवहनाशी जबलपूरचे नाते जुने आहे. भारतीय सैन्याचे सिग्नल्स दल १९११ साली उभे राहिले. त्याचे एक प्रमुख शिक्षणकेंद्र या शहरात आहे. १९४२ साली येथेच दूरसंचाराचे शिक्षणकेंद्र निघाले व पुढे त्यास भारतरत्न डॉ. भीमराव आंबेडकरांचे नाव देण्यात आले. मोर्सच्या काळातील बिनतारीवाला किल्ली चालवी आणि पलीकडचा ध्वनीही तोच ऐके. खरखर वाढली की तो हात सावकाश करी, बुडालेला शब्द पुन्हा मागे. संदेशाचा अर्थ, पाठविण्याचा वेग आणि हवेची स्थिती या तिन्हींचा मेळ एकाच मनुष्याच्या डोक्यात बसत असे.

संगणकांच्या जाळ्यात हे काम यंत्रांकडे गेले आणि त्याची वाटणी झाली. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात सात थर कल्पिले आहेत. सर्वांत खालचा थर संकेत वाहतो. वरचे थर शेजारच्या यंत्राशी दुवा, मार्गाची निवड, संदेशाची खात्रीशीर पोहोच अशी कामे सांभाळतात. खालच्या थराकडून सेवा घ्यावी, ती कशी घडते हे विचारू नये, असा दंडक. इंटरनेटची रचना तंतोतंत सात थरांची नसली तरी तत्त्व हेच. आणि एक थर बदलला तरी इतर अबाधित राहिले, म्हणूनच त्याचा एवढा विस्तार झाला.

१९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील बर्कले येथे हे जाळे तुंबले. अवघ्या ४०० यार्डांवरील दोन संस्थांमधला वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली मांडलेला उपाय असा, की पाकीट हरवले म्हणजे वाट तुंबली असे समजून पाठविणाऱ्याने हात आखडता घ्यावा. तारेच्या जाळ्यात हा अंदाज बहुधा खरा ठरे. बिनतारीत पाकिटे निराळ्या कारणानेही हरवतात. मध्ये भिंत आली, लहरी एकमेकींत मिसळून क्षीण झाल्या, की संकेत बुडतो. वाट मोकळी असते, पण वरच्या थराला ते ठाऊक नसते. ताबडतोब पुन्हा पाठवावयाचे, तेथे तो वेगच घटवितो. दोष हवेचा आणि शिक्षा संदेशाला, असा हा प्रकार.

१९९५ साली बर्कलेच्याच विद्यापीठातील संशोधकांनी यावर तोड काढली. त्यांत नागपूरला जन्मलेले हरि बालकृष्णन होते. बिनतारी केंद्रावर त्यांनी जणू एक पहारेकरी बसविला. तो प्रत्येक पाकिटाची प्रत ठेवी, हवेत बुडालेले पाकीट तेथूनच पुन्हा देई आणि हानीची वार्ता मूळ प्रेषकापर्यंत जाऊ देत नसे. लहरींत दोष असताना वेग २० पटींपर्यंत वाढल्याचे त्यांना आढळले. खालच्या थराने वरच्या थराचा मजकूर वाचला, एवढाच काय तो नियमभंग. पुढे चौथ्या पिढीच्या मोबाइल जाळ्यात असा संवाद रूढच झाला. हातातले यंत्र लहरींची स्थिती मनोऱ्याला कळविते आणि त्यावरून मनोरा कोणास केव्हा व किती पाठवावे, हे दर सहस्रांश सेकंदाला ठरवितो.

तथापि भिंती पाडण्याच्या या उत्साहाला २००५ साली विकास कवाडिया आणि पी. आर. कुमार यांनी सावधगिरीचा इशारा दिला. त्यांचे उदाहरण मार्मिक आहे. एक थर संकेत क्षीण झाला की वेग कमी करतो. दुसरा कमीत कमी टप्प्यांचा मार्ग निवडतो. दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे शहाणपणाच्या. पण टप्पे थोडे म्हणजे ते लांब. लांब म्हणजे संकेत क्षीण. आणि क्षीण म्हणजे गती मंद! सुधारणा करावयास जावे आणि जाळेच मंदावावे. शिवाय पाकिटावरील मजकूर गुप्तलिपीत गेला, की पहारेकऱ्याला तो वाचताही येत नाही.

रुळांचे माप एक असणे पुरेसे नाही. पुढे घाटात गाडी अडली आहे, ही वार्ताही मागच्या स्थानकाला मिळाली पाहिजे. तेवढ्यासाठी दोन्ही कंपन्यांच्या वह्या एकत्र करण्याचे मात्र कारण नाही. शेजाऱ्याला काय सांगावे याइतकेच काय सांगू नये हेही ठरलेले असावे. जुन्या बिनतारीवाल्याच्या कानाला जे सहज साधत होते, ते यंत्रांच्या थरांना मोजक्या शब्दांत शिकविणे, हेच या शास्त्राचे खरे कार्य होय.