भिंत, बेस आणि काकूंची भांडी

मागच्या शनिवारी शेजारच्या काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, "तुझं गाणं काय ऐकू येत नाही बघ. पण माझी भांडी वाजत्यात."

मी बेस गिटार वाजवतो. आठवडाभर पुण्यातल्या कंपनीसाठी कळंब्यातल्या घरात बसून कोड लिहायचा आणि शनिवार-रविवार चार जाड तारा छेडायच्या. बेस म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : बँडच्या फोटोत ड्रमच्या शेजारी जो उभा असतो आणि ज्याचं नाव कुणालाच आठवत नाही, तो मी. एका लग्नात माझ्या चुलतभावाने माझी गिटार बघून विचारलं होतं, "दोन तारा तुटल्या काय रे?" :-)

तर काकूंची तक्रार. राग यायला हवा होता, पण मला ते वाक्य तांत्रिकदृष्ट्या इतकं अचूक वाटलं की मी त्यांना आत बसवून चहाच पाजला. गाणं ऐकू येत नाही आणि भांडी वाजतात. खालच्या सुराचा सगळा इतिहास एवढ्यात येतो.

तो इतिहास साधारण १९५१ पासून सांगतात. त्या आधी बँडमधला खालचा सूर म्हणजे डबल बेस, माणसापेक्षा उंच असलेलं लाकडी धूड. गाडीत मावत नाही, आणि इलेक्ट्रिक गिटार व ड्रमपुढे ऐकूही येत नाही. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर नावाच्या माणसाने १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' आणली. गिटारसारखी गळ्यात अडकवायची, आणि पट्ट्या असल्यामुळे सूर नेमका लागतो म्हणून नाव प्रिसिजन. (सिएटलच्या पॉल टटमार्कने १९३० च्या दशकातच असं वाद्य बनवलं होतं, पण ते फारसं चाललं नाही. आमच्या धंद्यातही पहिला येणारा आणि टिकणारा हे बहुतेक वेळा वेगळेच असतात.) गंमत म्हणजे लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तो रेडिओ दुरुस्त करणारा माणूस.

वाद्याचा प्रश्न सुटला, आवाजाचा सुटला नाही. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की सेकंदाला ४१ कंपनं होतात आणि त्या लहरीची लांबी सव्वाआठ मीटर भरते. माझ्या खोलीची लांबी त्याच्या निम्मीही नाही! एवढी हवा हलवायची तर मोठे स्पीकर लागतात आणि भरपूर वॅट लागतात. त्यात आपला कान असा की खालच्या सुरांना तो जरा बहिराच आहे. १९३३ साली बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी हे मोजून दाखवलं : हळू आवाजात मधले सूर जितके सहज ऐकू येतात तितकाच खालचा सूर ऐकू यायचा असेल तर तो कितीतरी जोरात वाजवावा लागतो.

मी हे कॉलेजात शिकलो. म्हणजे वर्गात नाही, गॅदरिंगला. माझ्याकडे १५ वॅटचा प्रॅक्टिस अँप होता. खोलीत तो भारी वाटायचा. स्टेजवर ड्रमरने पहिला ठोका दिला आणि माझा अँप या जगातून नाहीसा झाला. मी आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं तर फक्त फुरफुर. नंतर हिशेब केला, आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर वॅट दहापट लागतात. म्हणजे १५० वॅट. आणि मला दुप्पट पुरणार नव्हता.

हेच दुखणं साठच्या दशकात सगळ्यांना होतं. १५ ऑगस्ट १९६५ ला बीटल्सनी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर पंचावन्न हजारांहून जास्त लोकांपुढे कार्यक्रम केला. गिटार आणि बेसला शंभर शंभर वॅटचे अँप, आणि गायकांचा आवाज स्टेडियमच्या घोषणा करायच्या स्पीकरमधून! किंचाळ्यांमध्ये काय ऐकू आलं असेल ते असेल. त्याच सुमारास लंडनमध्ये 'द हू' या बँडचा बेसवाला जॉन एंटविसल आपल्या ड्रमरपुढे ऐकू येईना म्हणून जिम मार्शलच्या दुकानातून चार स्पीकरची मोठी कॅबिनेटं घेऊन आला. मग गिटारवाला पीट टाउनसेंड ऐकू येईना, म्हणून त्यानेही तीच घेतली. दोघांचं हे भांडण १०० वॅटच्या अँपवर आणि एकावर एक रचलेल्या कॅबिनेटांवर जाऊन थांबलं. रॉकच्या प्रत्येक पोस्टरवर जी काळ्या खोक्यांची रास दिसते, तिच्या मुळाशी एका बेसवाल्याची कुरकुर आहे. हे मी अभिमानाने सांगतो.

१९६९ मध्ये अँपेग कंपनीने ३०० वॅटचा एसव्हीटी काढला. आत १४ व्हॉल्व्ह, खाली दहा इंची आठ स्पीकरचं कपाट. आणि १९७४ मध्ये 'ग्रेटफुल डेड' या अमेरिकन बँडने या वेडाची हद्द गाठली : सुमारे ६०० स्पीकर, ७५ टन वजन, बँडच्या पाठीमागे उभी केलेली भिंत. तिचं नावच 'वॉल ऑफ साउंड', आवाजाची भिंत. बेसवाला फिल लेश याच्या प्रत्येक तारेला स्वतंत्र स्पीकर देता येत होते. चार तारा, चार वाटा. खर्च आणि हमाली इतकी की ही भिंत त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली.

भिंत म्हटल्यावर कोल्हापूरकर हसले असतील. येतोच तिकडे. पण मध्ये मुंबईला थोडं थांबावं लागेल.

आपल्याकडे रॉक ऐकणारे तेव्हाही होते आणि वाजवणारेही. १९७० आणि १९७१ मध्ये 'सिमला बीट' स्पर्धा झाल्या, त्यातल्या बँडच्या तबकड्याही निघाल्या. नव्हतं ते सामान. परदेशी वाद्य आणायचं म्हणजे परवाने आणि जकात. त्यापेक्षा जहाजावरचा ओळखीचा खलाशी किंवा आखातातला मामा सोपा. बाकी अँप रेडिओवाल्याकडून जुळवून घ्यायचा. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या डिस्कोत एका रात्री वाजवून गेले, तेही इथल्याच पोरांच्या सामानावर. जगातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या बँडपैकी एकाला आपल्या अँपवर वाजवताना बघणाऱ्या त्या पोरांचं काय झालं असेल? माझा अँप असता तर मी तो परत विकला नसता.

आणि मग धोबी तलावचं रंगभवन. उघडं थिएटर, वर आकाश, पायऱ्यांवर बसायचं. १९७८ मध्ये तिथे 'जॅझ यात्रा' सुरू झाली. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक', म्हणजे आय-रॉक. १९८४ मध्ये सुरू झालेली 'रॉक मशीन' (१९९३ नंतर 'इंडस क्रीड') त्या काळातली सगळ्यात नावाजलेली. गिटारवर आपला महेश तिनईकर आणि बेसवर मार्क सेल्विन. बेसवाल्याचं नाव मुद्दाम लिहितोय, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. मी रंगभवनात कधीच गेलो नाही. माझं वय आडवं आलं. पण आमच्या ऑफिसातला एक सीनियर अजून सांगतो, तिथल्या दगडी पायरीतून बेस आधी पाठीला कळायचा आणि मग कानाला.

१९९१ नंतर आयात हळूहळू मोकळी झाली. चांगले बेस, चांगले अँप दुकानात दिसायला लागले. आणि नेमकं तेव्हाच, म्हणजे दहाएक वर्षांत, रंगभवन गेलं. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले : रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, आणि रुग्णालय, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनच्या शेजारी कॉलेजही आणि इस्पितळंही. रॉकचे शो तिथून उठले, आय-रॉक दुसऱ्या मैदानांवर हिंडत राहिलं. सामान आलं तेव्हा जागा गेली. याचा मला बरेच दिवस राग होता. इस्पितळात झोपलेल्या माणसाचा विचार मी केला नव्हता असं नाही, पण फार केला नव्हता.

आता कोल्हापूर. इथे आवाजाचा इतिहास रॉकमधून आलाच नाही, तो गणपतीतून आला. आजोबांच्या वेळी मांडवावर कर्णा असायचा. कर्ण्यातून साधारण तीनशे कंपनांच्या खालचं जवळजवळ काही बाहेर पडत नाही. म्हणजे त्या सगळ्या वर्षांत रस्त्यावरच्या गाण्याला बेस नव्हताच. लोक नाचायचे ते ढोल-ताशावर आणि बेंजोवर. मग आली डॉल्बी. ट्रॅक्टर-ट्रॉलीवर अठरा इंची स्पीकरच्या पेट्या, एकावर एक, भिंतच. महाद्वार रोडवरच्या मिरवणुकीत त्या भिंतीपुढे एकदा उभं राहिलात की फिल लेश काय म्हणत होता ते बरगड्यांना कळतं.

या नावाची गोष्ट मला फार आवडते. रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनिअर १९६३ ते १९६५ युनेस्कोचा सल्लागार म्हणून आपल्या देशात होता. इथून जाऊन १९६५ मध्ये त्याने लंडनला कंपनी काढली. पहिलं उत्पादन कसलं? टेपवरचा सूंऽऽ असा नको असलेला आवाज कमी करणारी यंत्रणा. ज्या माणसाने आयुष्य गोंगाट कमी करण्यापासून सुरू केलं, त्याचं नाव आमच्याकडे गोंगाटाला मिळालं. मंडळांच्या पेट्यांचा त्याच्या कंपनीशी काही संबंध नाही. बहुधा कॅसेट डेकवरची आणि थिएटरबाहेरची पाटी वाचून कुणीतरी ते नाव उचललं असणार.

आणि खरं सांगायचं तर मला बेसवाला केलं ते डॉल्बीने. गॅदरिंगच्या त्या फजितीनंतर साउंडवाल्या दादांनी माझी वायर काढून सरळ त्यांच्या मिक्सरला जोडली आणि म्हणाले, "वाजव आता." मी मोकळी तार छेडली. मांडवाचं कापड हललं. मी इतका घाबरलो की पुढचे दोन सूर चुकवले. रॉकच्या पुस्तकांतून, व्हिडिओंतून जे समजलं नव्हतं ते गणपतीच्या पेट्यांनी एका सेकंदात शिकवलं. दहाला पोलिस आले, बंद झालं. आम्ही तीनच गाणी वाजवली होती.

गणपतीत मात्र सरकार वर्षातले काही दिवस, जास्तीत जास्त पंधरा, १२ वाजेपर्यंत परवानगी देऊ शकतं. रॉकला कोण देणार? असो.

गेल्या आठवड्यात काकू चहा पिऊन गेल्यावर मी ते नियम पुन्हा काढून वाचले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. पण हे डेसिबल साधे नाहीत, 'ए' भाराचे आहेत. म्हणजे मीटर माणसाच्या कानासारखं ऐकतं आणि खालचे सूर कमी मोजतं. हा भार त्या फ्लेचर-मन्सनच्या आलेखांवरून तीसच्या दशकात ठरला, तोही हळू आवाजासाठी. माझ्या जाड तारेच्या ४१ कंपनांना मीटर सुमारे ३४ डेसिबलची सूट देतं. हवेत ८५ डेसिबलचा नुसता खालचा सूर असला तरी मीटर ५१ दाखवणार! शिवाय हे सूर भिंतीला, खिडकीला जुमानत नाहीत. गिटार आणि गाणं भिंतीत अडकतं, बेस पलीकडे जातो. म्हणून काकूंना गाणं ऐकू येत नाही.

थोडक्यात, कायद्याच्या यंत्राला मी जवळजवळ दिसतच नाही. पंधरा दिवसांपूर्वी मला हे कळलं असतं तर मी खूश झालो असतो. पण विसर्जनाच्या रात्री गावातल्या मामांच्या घरी आम्ही त्यांच्या छातीवर हात ठेवून बसलो होतो, दोन वर्षांपूर्वी, त्यांची अँजिओप्लास्टी होऊन महिनाही झाला नव्हता, आणि खिडकीच्या काचा वाजत होत्या. तेव्हा मी डॉल्बीवाल्यांना शिव्या दिल्या. त्याच पेट्यांना, ज्यांनी मला वाजवायला शिकवलं.

यावर तांत्रिक उपाय आहेत, आणि ते कुणी फार गुप्त ठेवलेले नाहीत. मोठ्या शोमध्ये बेसच्या काही पेट्या उलट्या तोंडाने आणि जरा उशिरा वाजवतात, त्यामुळे मागे जाणारा आवाज बराचसा एकमेकांना खातो. समोरच्याला बरगडीत बसतो, मागच्या वस्तीला कमी. मे २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन् रोझेस ऐकायला गेलो तेव्हा मी अर्धा वेळ डफ मॅकॅगनची बोटं बघत होतो आणि अर्धा वेळ पेट्या कशा मांडल्यात ते. बरोबरचे मित्र वैतागले. मिरवणुकीत मात्र ट्रॉली सरकत असते, दोन्ही बाजूंना घरं असतात, आणि पुढच्या मंडळापेक्षा आपली भिंत उंच हवी असते. तिथे एंटविसल आणि टाउनसेंडचं जुनं भांडण चालू आहे, फक्त ट्रॅक्टरवर.

माझं भांडण मात्र लहान होतं, म्हणून रविवारी सकाळी ते सोडवायला घेतलं. अँप फरशीवरून उचलून जुन्या गादीच्या फोमवर ठेवला. काकू त्यांच्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या, मधली खिडकी उघडी. मी खालून एकेक सूर सावकाश वाजवत गेलो.

"हां?"

"न्हाई. पुढं."

"आता?"

"न्हाई."

दुसऱ्या जाड तारेच्या तिसऱ्या पट्टीवर आलो, ६५ कंपनं, आणि पलीकडून ओरडल्या, "हाच! हाच मेला!" जाऊन बघितलं तर मांडणीवरच्या वरच्या फळीत, डब्यांच्या मागे, स्टीलच्या कळशीवर ठेवलेलं झाकण. बाकी भांड्यांचा काही दोष नव्हता. झाकणाखाली घडी घातलेलं फडकं ठेवलं.

काकू म्हणाल्या, "आता वाजव बघू ते गाणं, मला ऐकू येतंय का."